नऊ किलोचा दिवा, साडेअडतीस किलोचं बिल: मोठ्या पार्सलचा परदेशी खर्च ठरतो कसा

८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क न लावण्याची सवलत अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. त्या सुमारास ८८ टपाल खात्यांनी अमेरिकेकडे जाणारी सेवा पूर्ण किंवा अंशतः बंद केल्याचं जागतिक टपाल संघटनेला कळवलं. परदेशात ऑनलाइन माल विकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही बातमी मोठी होती, पण तिने एक जुनीच अडचण उघडी केली. आपलं पार्सल परदेशी दारात पोहोचवायला नेमका किती खर्च येतो, हे पुष्कळ विक्रेत्यांना ऑर्डर येईपर्यंत ठाऊकच नसतं. लहान पाकिटात चूक झाली तर थोडक्यात भागतं. पार्सल मोठं असलं की एका ऑर्डरचा नफा जातोच, वर गाठचे पैसे घालावे लागतात.

हा हिशेब अवघड वाटतो, कारण तो एका जागी होत नाही. थोडा पेटीत होतो, थोडा दरपत्रकात, थोडा परदेशातल्या कस्टमकडे. या तिन्ही जागांवर क्रमाने जाऊ. माझं मत आधीच सांगते: यातला सर्वांत महत्त्वाचा भाग पेटीचा आहे आणि सर्वांत कमी लक्ष तिथेच दिलं जातं.

वजन एक नसतं

पार्सल काट्यावर ठेवल्यावर दिसतं ते प्रत्यक्ष वजन. कुरिअर कंपनी त्याशिवाय दुसरं एक वजन काढते. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. ही दोन वजनं शेजारी ठेवून जे जास्त असेल ते धरलं जातं. त्याला चार्जेबल वजन म्हणतात आणि बिल त्याच्यावर निघतं.

यात कोणाला फसवणूक वाटते, पण कारण सरळ आहे. टेम्पोत कापसाच्या गाद्या भरल्या तर टेम्पो काठोकाठ भरतो आणि वजन मात्र क्षमतेच्या पाव हिश्शालाही पोहोचत नाही. मालकाने फक्त किलोवर भाडं घेतलं तर त्याची फेरी तोट्यात जाणार. विमानात जागा त्याहून कितीतरी महाग असते, म्हणून अडवलेल्या जागेचं भाडं वजनाच्या रूपात वसूल केलं जातं.

भागायचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, आणि दोन दरांची तुलना करताना गोंधळ होतो तो इथेच. मोठ्या एक्सप्रेस कंपन्या आंतरराष्ट्रीय पार्सलसाठी साधारणपणे ५००० ने भागतात. विमानाच्या मालवाहतुकीत, म्हणजे एअर कार्गोत, ६००० हा आकडा रूढ आहे. अमेरिकी दरपत्रकात इंच आणि पौंड असतात आणि भाजक १३९ असतो. तो ५००० च्याच जवळपासचा हिशेब आहे, फक्त एककं वेगळी. समुद्रमार्गे एक घनमीटर म्हणजे १००० किलो धरतात. भाजक जितका मोठा, तितकं व्हॉल्युमेट्रिक वजन कमी. म्हणून किलोमागचा दर विचारण्याआधी भाजक विचारावा. तो माहीत नसताना किलोचा दर ऐकून काही कळत नाही.

एक दिवा, दोन पेट्या

उदाहरण म्हणून जमिनीवर उभा ठेवायचा एक दिवा घेऊ. दांडा, तळाची चकती आणि वरची शेड, सगळं जोडलेलं. तो आहे तसाच १२० × ४० × ४० सेंमीच्या पेटीत घातला. पॅकिंगसकट काट्यावर भरतो ९ किलो.

गुणाकार येतो १,९२,००० घन सेंटीमीटर. ५००० ने भागलं की ३८.४. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेसमध्ये वजन सहसा पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर नेतात, म्हणजे ३८.५ किलो. काट्यावर ९ आणि बिलात साडेअडतीस. हीच पेटी ६००० च्या हिशेबाने ३२ किलोची होते.

आता दिव्याचा दांडा मधोमध आट्यांनी जुळेल असा दोन तुकड्यांत केला. शेड काढून चकतीच्या शेजारी ठेवली आणि दांड्याचे तुकडे कडेने आडवे घातले. पेटी झाली ५८ × ३८ × ३२ सेंमीची. गुणाकार ७०,५२८, भागाकार १४.१, बिलातलं वजन १४.५ किलो. दिवा तोच, काट्यावरचं वजनही जवळपास तेवढंच, पण आकारणी २४ किलोंनी खाली आली. कोणत्याही कंपनीशी घासाघीस करून इतकी सवलत मिळत नाही.

आणखी थोडं जवळ जाऊन पाहा. हीच लहान पेटी तिन्ही बाजूंनी फक्त दोन-दोन सेंटीमीटरने मोठी घेतली, म्हणजे ६० × ४० × ३४, तर गुणाकार ८१,६०० होतो आणि वजन १६.५ किलो. बोटभर रुंदीच्या मोकळ्या जागेचे दोन किलो. हव्या त्या मापाची पेटी हाताशी नव्हती म्हणून जी होती ती वापरली, असं पुष्कळदा होतं. माप देऊन पेट्या बनवून घेणं सुरुवातीला महाग वाटतं. वर्षाला थोडीच मोठी पार्सलं जात असली, तरी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

अर्थात कापण्यालाही मर्यादा आहे. फुटणाऱ्या वस्तूभोवतीचं गादीसारखं पॅकिंग कमी करून वाचवलेले पैसे पहिल्याच तुटलेल्या नगाबरोबर जातात. काढायची ती रिकामी जागा, संरक्षण नव्हे. म्हणूनच पॅकिंगचा विचार वस्तू बनवताना व्हायला हवा. सुटी करता येणारी, एकात एक बसणारी, सपाट घडी होणारी वस्तू परदेशात विकणं परवडतं. सुटी न होणारी अवजड वस्तू विकायची असेल तर किंमत तशी लावावी लागते.

मोजणार कोण?

तुम्ही टेपने मोजलेलं माप शेवटचं नसतं. कंपन्यांच्या केंद्रांत पार्सल पट्ट्यावरून सरकताना स्कॅनर त्याची मापं घेतो, आणि तो पेटीचा सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरतो. पेटी दाबून भरल्यामुळे कागदी पुठ्ठा मध्ये फुगला असेल, चिकटपट्टीचा किंवा दोरीचा उंचवटा असेल, हँडल बाहेर आलं असेल, तर तेवढी बाजू वाढते. पेटी विकत घेताना तिच्यावर छापलेलं माप बहुधा आतलं असतं, तेही लक्षात ठेवायला हवं.

शिवाय अपूर्णांक वर नेला जातो. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या दोन्ही कंपन्यांनी इंचाचा कोणताही अपूर्णांक पुढच्या पूर्ण इंचावर न्यायला सुरुवात केली. म्हणजे १६.१ इंचांची बाजू १७ धरली जाते. तीनही बाजूंना असं झालं तर गुणाकार चांगलाच वाढतो.

फरकाचं बिल पार्सल पोहोचल्यावर, कधी कधी काही आठवड्यांनी येतं. तोवर ग्राहकाचा हिशेब बंद झालेला असतो. म्हणून पार्सल सोपवण्याआधी तिन्ही बाजूंना टेप लावून आणि पेटी काट्यावर ठेवून फोटो काढावेत, आकडे आणि पत्त्याचं लेबल दोन्ही दिसतील असे. वाद झाला तर हाती पुरावा राहतो.

दरपत्रकात काय पाहायचं

चार्जेबल वजन हाती आलं की दरपत्रक उघडायचं. त्यात देशांचे गट असतात, त्यांना झोन म्हणतात, आणि आडवे-उभे वजनाचे टप्पे असतात. झोन फक्त अंतरावर ठरत नाही. ज्या मार्गावर माल जास्त आणि विमानं जास्त, तो मार्ग लांबचा असूनही स्वस्त असू शकतो.

वजन दुप्पट झालं म्हणून खर्च दुप्पट होत नाही. पहिल्या अर्ध्या किलोत पार्सल उचलणं, नोंदवणं, कस्टमचे कागद करणं हा सगळा ठरावीक खर्च बसलेला असतो. पुढे किलोमागचा दर उतरत जातो. त्यामुळे एक मोठं पार्सल आणि त्याची दोन लहान पार्सलं यांत बहुधा एकच स्वस्त पडतं. अपवाद एकच: मोठ्या पेटीमुळे जादा आकाराचा दंड लागत असेल तर दोन पेट्या करणं फायद्याचं ठरतं. दोन्ही आकडे काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एअर कार्गोत आणखी एक बारकावा आहे. तिथे ४५, १००, ३०० किलो असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याला किलोचा दर कमी असतो. समजा माल ९२ किलो आहे. १०० च्या आतला दर किलोला १० आणि १०० च्या पुढचा ९ आहे. ९२ किलोचे ९२० होतात, तर १०० किलोचं बिल लावलं तर ९००. अशा वेळी माल ९२ किलोच ठेवून आकारणी १०० किलोवर करून घेता येते. चांगला फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा दलाल, हे न सांगता करतो. तरी आपण विचारावंच.

मूळ दरावर चढणारे थर

दरपत्रकातला आकडा ही सुरुवात आहे. त्यावर इंधन अधिभार टक्क्यांत लागतो. तो विमानाच्या इंधनाच्या दराशी जोडलेला असतो आणि मोठ्या कंपन्या तो दर आठवड्याला बदलतात. तो फक्त मूळ भाड्यावर लागत नाही, इतर बऱ्याच अधिभारांवरही लागतो. त्यामुळे सगळी बेरीज करून शेवटी टक्के लावले तर उत्तर खऱ्या बिलाच्या जवळ येतं.

मोठ्या पार्सलला सर्वांत जास्त लागतो तो जादा आकाराचा किंवा जादा हाताळणीचा अधिभार. साधारण १०० ते १२० सेंमीच्या पुढे एखादी बाजू गेली की तो सुरू होतो. आपल्या दिव्याची १२० सेंमीची पेटी नेमकी त्या काठावर आहे. पुठ्ठा एक सेंटीमीटर फुगला की पलीकडे. गोल नळकांडं, पेटीत न घातलेली वस्तू, पट्ट्यावरून नीट न सरकणारा आकार, यांनाही हा अधिभार लागू शकतो. त्याच्याही पुढे कमाल मर्यादा येते: अनेक एक्सप्रेस कंपन्या एका नगाचं वजन ७० किलोच्या आसपास थांबवतात. त्यापुढे पार्सल राहत नाही, तो कार्गो होतो आणि त्याचं दरपत्रकच वेगळं.

दुर्गम भागाचा अधिभार पिनकोडवर ठरतो. कंपन्या अशा पिनकोडांच्या याद्या देतात, आणि ग्राहकाला दर सांगण्याआधी त्या यादीत एकदा पाहिलं तर पुढचा मनस्ताप टळतो. घरी पोहोचवण्याचा, सही घेण्याचा, सणासुदीच्या गर्दीचा आणि पत्ता दुरुस्त करण्याचा खर्चही वेगळा असतो.

लाकडी खोक्यात माल पाठवणार असाल तर आयएसपीएम १५ हा नियम माहीत हवा. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून तो आहे. खोक्याचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं, किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया केलेली हवी, आणि तसा शिक्का लाकडावर दिसायला हवा. शिक्का नसेल तर माल सीमेवर अडतो, परत पाठवला जाऊ शकतो. प्लायवुडला हा नियम लागू नाही, म्हणून निर्यातीच्या खोक्यांत प्लायवुड दिसतं. पण खोका लाकडी असो की प्लायवुडचा, बाहेरचं माप आणि वजन दोन्ही वाढतात. वरचा गुणाकार पुन्हा करावा लागतो.

मग पोस्टाने का पाठवू नये?

पाठवावं, बसत असेल तर. टपाल सेवेत बऱ्याच ठिकाणी आकारणी प्रत्यक्ष वजनावर होते, त्यामुळे हलक्या पण मोठ्या वस्तूला ती फार स्वस्त पडू शकते. अट आकाराची आहे. जगभरच्या टपाल खात्यांना जोडणारी संघटना १८७४ साली स्थापन झाली आणि तिच्या चौकटीत देश आपापल्या मर्यादा ठरवतात. वजन देशानुसार २० किंवा ३० किलोपर्यंत. आकारासाठी लांबी अधिक घेर असं माप धरतात, घेर म्हणजे रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट. काही देश एक बाजू १.५ मीटर आणि लांबी अधिक घेर ३ मीटरपर्यंत घेतात, काही १.०५ मीटर आणि २ मीटरवरच थांबतात.

दिव्याची पहिली पेटी: १२० अधिक १६०, म्हणजे २८० सेंमी. पहिल्या मर्यादेत बसते, दुसरीत नाही. दुसरी पेटी: ५८ अधिक १४०, म्हणजे १९८ सेंमी. दोन्हींत बसते. पेटी लहान केल्याने कुरिअरचं बिल उतरलं, शिवाय जास्त देशांचं टपालही खुलं झालं. मर्यादा दोन्ही टोकांच्या देशांची पाहायची असते. पाठवणाऱ्या देशाने घेतलं म्हणून पोहोचणारा देश घेईलच असं नाही.

टपालाचा कच्चा दुवा म्हणजे पार्सल सीमा ओलांडल्यावरचा माग आणि वेळ. महागड्या वस्तूसाठी तो धोका किती घ्यायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

जहाज तर सर्वांत स्वस्त असतं ना?

समुद्रात एक घनमीटर म्हणजे १००० किलो, त्यामुळे हलक्या मालाला व्हॉल्युमेट्रिक वजनाचा फटका बसत नाही, थेट आकारमानावर भाडं लागतं. मोठ्या फर्निचरला हाच मार्ग योग्य. पण कंटेनरमध्ये थोडीशीच जागा घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी किमान एका घनमीटरचं भाडं द्यावं लागतं. आपल्या दिव्याची मोठी पेटी ०.१९२ घनमीटरची आहे. तिच्यासाठी एका घनमीटरचे पैसे, म्हणजे पाचपट जागेचे.

त्याहून मोठा धोका पलीकडच्या बंदरात असतो. कंटेनर उघडून माल वेगळा करणं, बंदरातली हाताळणी, गोदाम, कागदपत्रं, तिथून घरापर्यंतची गाडी, हे सगळं माल घेणाऱ्याच्या नावे येतं आणि सुरुवातीच्या स्वस्त दरात ते नसतं. ग्राहकाला बंदरावरून अनोळखी बिल आलं की तो विक्रेत्यालाच जबाबदार धरतो, आणि ते स्वाभाविक आहे. समुद्री दर घेताना नेहमी ग्राहकाच्या दारापर्यंतचा दर मागावा. तो मिळत नसेल, तर एकेका नगासाठी हा मार्ग सोडून द्यावा. वीस-पंचवीस नग एकत्र जाणार असतील, तर मात्र हाच मार्ग सगळ्यांत आधी पाहावा.

सीमेवरचा हिशेब

इथे वाहतुकीच्या खर्चाला एक अनपेक्षित वळण मिळतं. आयात शुल्क, म्हणजे ड्युटी, मालाच्या किमतीवर लागते हे सगळ्यांना माहीत असतं. किंमत म्हणजे काय, हे मात्र देश आपापलं ठरवतात. युरोपीय संघात आणि इतर अनेक देशांत मालाची किंमत, विमा आणि तिथपर्यंतचं भाडं मिळून जी रक्कम होते तिच्यावर ड्युटी लागते. या बेरजेला सीआयएफ म्हणतात. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा त्या किमतीत धरत नाहीत, मात्र ते बिलात वेगळे दाखवलेले असावे लागतात.

समजा मालाचे १०० आणि भाड्याचे ६०. ड्युटी १० टक्के आणि त्यावरचा विक्रीकर २० टक्के धरू. सीआयएफने ड्युटी १६० वर लागते, म्हणजे १६. मग कर १७६ वर, म्हणजे ३५.२०. ग्राहकाला वस्तू पडली २११.२० ला. भाडं ६० ऐवजी ३० असतं तर? १३० वर ड्युटी १३, १४३ वर कर २८.६०, एकूण १७१.६०. भाड्यात ३० वाचले, पण ग्राहकाचे जवळपास ४० वाचले. मोठी पेटी ग्राहकाला दोनदा महाग पडते, एकदा भाड्यात आणि पुन्हा करात.

ड्युटीचा दर एचएस कोडवरून ठरतो. ही १९८८ पासून लागू असलेली मालाची जागतिक वर्गवारी आहे. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे. दिवे ९४०५ या शीर्षकाखाली येतात. फर्निचरही त्याच ९४ व्या प्रकरणात आहे, पण दर वेगळे असू शकतात. फॉर्मवर नुसतं ‘घरसजावट’ लिहिलं तर कस्टम अधिकारी स्वतः कोड लावतो आणि तो तुमच्या फायद्याचा असेलच असं नाही. वस्तू काय, कशाची, कशासाठी, हे थोडक्यात पण नेमकं लिहावं. बनवलेला देश कोणता, हेही लिहावंच लागतं, कारण दर त्यावरही बदलतो.

लहान किमतीच्या पार्सलना मिळणाऱ्या सवलती झपाट्याने आटत आहेत. अमेरिकेचं वर आलंच. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची करमाफी बंद केली, आणि १५० युरोपर्यंतच्या पार्सलवर १ जुलै २०२६ पासून वस्तूच्या प्रत्येक प्रकारामागे ३ युरो ड्युटी लावायचं ठरवलं. मोठी वस्तू विकणाऱ्याने या सवलतींवर धंदा बेतूच नये, त्याचा माल बहुधा त्या मर्यादेच्या वरच असतो.

हे पैसे भरायचे कोणी? डीएपी या अटीवर पाठवलं तर ग्राहक भरतो, डीडीपीवर पाठवलं तर विक्रेता आधीच भरतो. डीएपी विक्रेत्याला सोपं वाटतं. पण दारात आलेला माणूस पैसे मागतो, त्यात कुरिअरने ड्युटी आगाऊ भरल्याची फी मिळवलेली असते, आणि चिडलेला ग्राहक पार्सल नाकारतो. मग परतीचं भाडं विक्रेत्याच्या गळ्यात. मोठ्या पार्सलला मी डीडीपीच सुचवेन. निदान ग्राहकाला खरेदीच्या आधी स्पष्ट आकडा तरी द्यावा.

किंमत कमी लिहिली तर?

ग्राहक स्वतः हे सुचवतात, भेटवस्तू लिहा म्हणतात. खोटी किंमत लिहिणं हा कस्टमचा गुन्हा आहे आणि दंड, जप्ती, पुढच्या प्रत्येक पार्सलची कसून तपासणी असं सगळं त्यामागून येतं. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर मिळत नाही. नम्रपणे नाही म्हणावं आणि कारण सांगावं.

फुटलं तर भरपाई कोणत्या वजनावर?

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आंतरराष्ट्रीय हवाई मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल तर वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे मर्यादित असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोला २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. भाडं घेताना मोठं वजन धरतात, भरपाईत मात्र मालाचं खरं वजन धरलं जातं. आपल्या दिव्याचं भाडं ३८.५ किलोचं, पण भरपाईची कमाल मर्यादा ९ किलोची, म्हणजे २३४ एसडीआर. हलकी, मोठी आणि महाग वस्तू असेल तर वेगळा विमा घ्यायलाच हवा आणि त्याचा हप्ता खर्चात मोजायला हवा. विम्याच्या अटींत पॅकिंगचा दर्जा, काच-सिरॅमिकची वगळणी आणि तक्रारीची मुदत या तीन ओळी शोधून वाचाव्यात.

मोठ्या साइट फुकट कशा पोहोचवतात?

त्या एकेक नग विमानाने पाठवत नाहीत. माल कंटेनर भरून आधीच त्या देशातल्या गोदामात गेलेला असतो आणि ग्राहकाकडे जातो तो तिथल्या स्थानिक दराने. कुरिअर कंपन्यांशी त्यांचे करार वेगळे असतात, आणि उरलेला खर्च किमतीत मिसळलेला असतो. एकट्या विक्रेत्याने त्यांच्याशी याच एका बाबतीत बरोबरी करू नये.

त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. प्रत्येक पत्त्यासाठी खरा दर काढून दाखवायचा, देशांचे तीन-चार गट करून प्रत्येकाला एक ठरावीक दर लावायचा, किंवा भाडं किमतीत घालून फुकट डिलिव्हरी लिहायची. लहान वस्तूंना सरासरी चालते, कारण कमी-जास्त एकमेकांत जिरतं. मोठ्या पार्सलला ती धोक्याची आहे. जवळचा ग्राहक महाग म्हणून निघून जातो आणि लांबचा, दुर्गम पिनकोडचा ग्राहक स्वस्त म्हणून नेमका तेच घेतो. शेवटी उरतात त्या फक्त तोट्याच्या ऑर्डरी. म्हणून अवजड वस्तूंसाठी पत्ता घेऊन दर सांगणंच मला योग्य वाटतं, थोडा वेळ गेला तरी.

वेबसाइटवरचे कॅल्क्युलेटर यासाठी वापरावेत, पण त्यांना पॅक झालेल्या पेटीचं बाहेरचं माप द्यावं, वस्तूचं नव्हे. आलेल्या आकड्यात इंधन, जादा आकार, दुर्गम भाग, ड्युटी यांपैकी काय धरलं आहे ते पाहावं. दर सांगताना तो किती दिवस चालेल तेही लिहावं. इंधन अधिभार आठवड्याला बदलत असेल तर महिनाभर जुना दर पाळण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नये.

परतीचं काय, हा प्रश्न ऑर्डर घेण्याआधीच सोडवलेला बरा. मोठी वस्तू परत मागवण्याचा खर्च पाठवण्याच्या खर्चाइतका, कधी जास्तही येतो, कारण परतीला आपल्याला करारातली सवलत मिळत नाही आणि आपल्याच देशात तो माल पुन्हा आयात म्हणून धरला जाऊ शकतो. जातानाच्या बिलावर वस्तूचा फोटो, अनुक्रमांक आणि वर्णन नोंदवून ठेवलं असेल, तर हा आपलाच परत आलेला माल आहे हे कस्टमला दाखवता येतं. छोट्या दोषासाठी सुटा भाग पाठवणं किंवा थोडी रक्कम परत देणं बहुतेक वेळा दोघांनाही परवडतं. दिव्याचा दांडा दोन तुकड्यांत केला असेल, तर वाकलेला एक तुकडा एका लहान पाकिटात जातो.